व्हिया आप्पिया तेवीसशे वर्षं टिकला, म्हणजे नेमकं काय टिकलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: रोमन लोकांनी बांधलेला व्हिया आप्पिया तेवीसशे वर्षांनंतरही शाबूत आहे आणि आपला डांबरी रस्ता एका पावसाळ्यात उखडतो. असं काय करत होते ते? सिमेंटचं काही गुपित होतं का? आणि मे महिन्यात इटलीला जाणार आहे, तर या रस्त्याचं काय बघावं?

बत्तीस वर्षं मी रस्त्यांच्या कामावर काढली, त्यातली निम्म्याहून जास्त घाटरस्त्यांवर. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, रेल्वेत विचारला गेलाय, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात ड्रिल चालू असताना विचारलाय. तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. आता सवडीने देतो.

आधी प्रश्नातलाच एक शब्द काढून टाकतो: 'शाबूत'. व्हिया आप्पिया शाबूत राहिलेला नाही. तो खचला, बुडाला, चोरीला गेला, पुन्हा बांधला गेला, आणि हे बऱ्याच वेळा झालं. टिकली ती त्याची आखणी, म्हणजे रस्ता कुठून न्यायचा याचा निर्णय. वरचा दगड ही त्यामानाने दुय्यम गोष्ट. आमच्या धंद्यात हा फरक कळायला दहा-बारा वर्षं जातात, त्यामुळे तुमचा गैरसमज झाला असेल तर त्यात काही वावगं नाही.

इ.स.पू. ३१२ साली आप्पियस क्लॉडियस हा रोमचा सेन्सॉर होता. सेन्सॉर म्हणजे सिनेमाला कात्री लावणारा नव्हे. नागरिकांची मोजदाद, त्यांच्या वर्तणुकीवर लक्ष आणि सार्वजनिक बांधकामाचे ठेके, हे सगळं त्याच्याकडे असे. याने एकाच कारकिर्दीत रोमला पहिला जलमार्ग दिला आणि हा रस्ताही दिला, दोन्हींना स्वतःचं नाव लावलं. पुढे त्याची दृष्टी गेली, म्हणून इतिहासात तो 'आंधळा आप्पियस' म्हणून ओळखला जातो. रस्त्याचं कारण लष्करी होतं. दक्षिणेला डोंगरी सॅम्नाइट लोकांशी युद्ध चालू होतं आणि कापुआपर्यंत फौज, धान्य, निरोप हे सगळं लवकर पोचायला हवं होतं. रोम ते कापुआ १३२ रोमन मैल, म्हणजे साधारण १९५ किलोमीटर. रोमन मैल म्हणजे हजार दुहेरी पावलं, डावा पाय टेकला तिथपासून पुन्हा डावा टेकेपर्यंत एक. ते सुमारे १.४८ किलोमीटर होतं. पुढे रोमचं राज्य सरकत गेलं तसा रस्ताही बेनेव्हेंतो, व्हेनोसा, तारांतो करत थेट ब्रिंदिसीच्या बंदरापर्यंत, ५०० किलोमीटरच्या पलीकडे गेला.

आता गंमत बघा. ३१२ साली तिथे तो प्रसिद्ध दगड नव्हताच. रस्ता खडीचा होता. रोमन इतिहासकार लिव्हीच्या ग्रंथात टप्पे नोंदलेले आहेत: इ.स.पू. २९६ मध्ये शहराच्या वेशीपासून मार्स देवळापर्यंत दगडी पायवाट झाली, २९३ मध्ये त्या देवळापासून बोव्हिल्ले गावापर्यंत रस्त्यावर काळा दगड बसवला, आणि वेशीपासून देवळापर्यंतच्या अगदी पहिल्या मैलावर तो दगड पडायला १८९ साल उजाडलं. म्हणजे आधी खडीकरण, मग 'निधीच्या उपलब्धतेनुसार' वरचा थर, आणि नाक्याजवळचा तुकडा शंभर वर्षं राहून गेलेला. हे वाचलं तेव्हा मला दोन हजार वर्षांचं अंतर एकदम कमी झाल्यासारखं वाटलं.

दुसरा गैरसमज थरांचा. शाळेच्या पुस्तकांपासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे एक चित्र असतं: खाली मोठे दगड, त्यावर चुन्यातली खडी, त्यावर बारीक काँक्रीट, वर फरसबंदी, आणि प्रत्येक थराला एकेक लॅटिन नाव. चित्र इतकं नीटनेटकं आहे की आमच्या एका प्रशिक्षणवर्गातही ते दाखवलं होतं. पण ही नावं येतात रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हियसच्या ग्रंथातून, आणि तिथे तो घरातल्या जमिनीबद्दल बोलतोय, रस्त्याबद्दल नव्हे. १६२२ साली निकोला बर्जिए नावाच्या फ्रेंच वकिलाने रोमन रस्त्यांवर लिहिताना ती नावं रस्त्याला चिकटवली आणि ती तिथेच राहिली. प्रत्यक्ष खोदाईत काय सापडतं? जागेप्रमाणे काहीही. खडक असेल तिथे जवळजवळ थेट खडकावर दगड. चिकणमाती असेल तिथे जाड भराव. दलदलीत लाकडाचा आधार. कुठे मुरमासारखं काही, कुठे नदीतले गोटे. जो माल पाच मैलांच्या आत मिळेल तो. कामावर राहिलेल्या माणसाला यात आश्चर्य वाटायला नको. एकच छेद सगळीकडे लावायची हौस कार्यालयात बसलेल्यांना असते.

रस्ता बांधताना कुणी बघितला आणि लिहून ठेवला, असं वर्णन म्हणाल तर कवी स्टेशियसचं आहे. इ.स. ९५ मध्ये सम्राट डोमिशियनने व्हिया आप्पियापासून फुटणारा एक फाटा किनाऱ्याने पुतेओली बंदरापर्यंत काढला, त्यावर ही कविता आहे. तो सांगतो: आधी दोन्ही बाजूंना चर आखायचे, मग मधली माती खोलवर काढायची, त्या खड्ड्यात वेगळं साहित्य भरायचं आणि वरच्या पाठीसाठी 'मांडी' तयार करायची, म्हणजे जमीन डळमळणार नाही. मग दोन्ही कडांना दगड रोवून मधला भाग आवळायचा आणि पाचरी ठोकायच्या. बाकीचे मजूर झाडं तोडतायत, डबकी आटवतायत, ओढे वळवतायत. माझ्या मते कवितेतला महत्त्वाचा भाग हाच आहे: कडेचे दगड आणि पाण्याची वासलात. तो आणखी एक सांगतो, की पूर्वी वाळूत चाकं रुतून जिथे आख्खा दिवस जायचा तिथे आता जेमतेम दोन तास लागतात. उद्घाटनाच्या भाषणात आजही हेच वाक्य असतं.

पुतेओली म्हटल्यावर थोडं आपल्याकडे वळतो. इजिप्तमधून येणारी जहाजं त्या काळात या बंदरात लागत आणि त्यात हिंदुस्थानातला माल असे. पेरिप्लस नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासनोंदीत पैठणचे मौल्यवान दगड आणि तेरचं कापड गाड्यांवर घालून भडोचला नेतात असं लिहिलंय. आणि वाट कशी? तर लांबच लांब, रस्ता नसलेल्या मुलखातून. म्हणजे मराठवाड्यातून निघालेल्या मालाला पहिला टप्पा बिनरस्त्याचा आणि समुद्रापलीकडचा शेवटचा टप्पा जगातल्या उत्तम रस्त्याचा. उलट असतं तर आमच्या खात्याला मिरवायला झालं असतं.

आता दगड. निवृत्तीनंतर मुलीकडे जर्मनीला गेलो होतो, तिथून चार दिवस रोमला गेलो. घरच्यांनी कलोसियम बघितलं, मी दोन दिवस हा रस्ता चाललो. सेसिलिया मेतेल्लाची गोल, बुरुजासारखी कबर आहे, तिच्या पुढे जुनी फरसबंदी लांबवर दिसते. मी उकिडवा बसलो आणि हात लावला. दगड काळसर करडा, आपल्या काळ्या पाषाणाच्या नात्यातलाच. वरची कड इतकी झिजलेली की प्रत्येक दगड पावासारखा फुगलेला दिसतो. आकार एकाचाही चौकोनी नाही. पाच कोनी, सहा कोनी, शेजाऱ्याच्या बेताने घडवलेला. मधेच चाकोऱ्या, बोटाची दोन पेरं आत जातील इतक्या खोल. कडेला एक सुटलेला दगड आडवा पडला होता. त्याचा खालचा भाग दाढेच्या मुळासारखा निमुळता होत गेलेला. तेव्हा उमगलं. वरून बघणाऱ्याला ही फरशी वाटते, पण हे दगड जमिनीत रोवलेले आहेत. वरून भार आला की निमुळता दगड खालच्या बारीक मालात आणखी घट्ट बसतो आणि शेजाऱ्यावर रेलतो. सांध्यात चुना नाही, काही नाही. त्यामुळे पाणी पडलं तरी थर फुगत नाही आणि दगड बदलायचा तर पहारीने एक उचलून दुसरा बसवता येतो. आपल्याकडे याला पिचिंगचा, म्हणजे उतार धुपू नये म्हणून दगड लावून केलेल्या अस्तराचा, थोरला भाऊ म्हणता येईल.

तेव्हा सिमेंटच्या गुपिताचं उत्तर: या रस्त्याच्या पृष्ठभागात सिमेंट नाही. रोमन काँक्रीट, ज्वालामुखीची राख आणि चुना मिसळून केलेलं, खरोखरच अफलातून होतं. पण ते बंदरांत, घुमटांत, पुलांच्या पोटात आहे. दोन वेगळ्या गोष्टी लोक एकाच वाक्यात घालतात आणि मग गुपित तयार होतं.

त्या दगडाहूनही मला जास्त आवडलं ते पायाखालचं भूशास्त्र. रोमच्या दक्षिणेला आल्बान डोंगर आहेत, जुने ज्वालामुखी. तिथून सुमारे पावणेतीन लाख वर्षांपूर्वी लाव्हाची एक लांब जीभ रोमच्या दिशेने वाहत आली आणि थिजली. तिला कापो दि बोव्हेचा प्रवाह म्हणतात. लाव्हा दरीतून वाहतो, पण थिजल्यावर तो आजूबाजूच्या मऊ मातीपेक्षा कठीण असल्यामुळे माती धुपून जाते आणि लाव्हाच उंच धार होऊन उरतो. व्हिया आप्पियाचे सुरुवातीचे मैल या धारेवरून गेलेत. पाया खडकाचा. दोन्ही बाजूंना उतार, म्हणजे पाणी थांबायलाच जागा नाही. फरसबंदीचा दगड तिथल्याच खाणीत. चौकीसाठी दोन्हीकडचा मुलूख दिसतो. एका रेघेत चार कामं उरकलेली. ज्याने ही रेघ ठरवली त्याचं नाव इतिहासात नाही. तो कुणीतरी माझ्यासारखाच सर्व्हेवाला असणार, ग्रोमा नावाची काठी आणि चार ओळंबे घेऊन उन्हात उभा.

पण हाच रस्ता पुढे पोंटाइन दलदलीत शिरतो आणि तिथे त्याची सगळी मिजास उतरते. रोमपासून तेराचिनापर्यंत सुमारे ९० किलोमीटर रस्ता जवळजवळ सरळ आहे. सरळ रेघेचा हट्ट धरला की वाटेत जे येईल ते झेलावं लागतं. दलदलीत भराव खचायचा, पाणी चढायचं. रस्त्याला समांतर एक कालवा होता आणि इ.स.पू. ३७ मध्ये कवी होरेस तिथून गेला तो रात्री होडीत बसून. खेचर काठाने होडी ओढायचं. बेडूक, डास, पिऊन गाणारा नावाडी. मग नावाडी खेचर दगडाला बांधून झोपून गेला आणि सकाळी लोकांच्या लक्षात आलं की होडी हललेलीच नाही. बाजूला 'रस्त्यांची राणी' म्हणून नावाजलेला हा रस्ता असताना माणसं होडीत बसत होती, यावरून राणीची त्या भागातली तब्येत काय असेल याचा अंदाज मी तरी बांधतो. दीडशे वर्षांनी सम्राट ट्रेजनने तो पट्टा दगडाने पुन्हा बांधला, पूल घातले. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला थिओडोरिक राजाच्या काळात पुन्हा पाणी काढून रस्ता मोकळा करावा लागला. तसा शिलालेखच आहे. त्यानंतर वर्षानुवर्षं देखभाल नाही, दलदल परत आली आणि मध्ययुगात लोक डोंगराच्या पायथ्याने वळसा घालून जाऊ लागले. अठराव्या शतकाच्या शेवटी पोप सहावे पायस यांनी निचऱ्याचं काम हाती घेतलं तेव्हा रस्ता पुन्हा जुन्या रेघेवर आला. दलदल खऱ्या अर्थाने आटली ती १९३० च्या दशकात.

आता सांगा, यातलं 'तेवीसशे वर्षं टिकणं' कुठलं? धारेवरचा तुकडा टिकला कारण तिथे पाणी थांबत नाही. दलदलीतला तुकडा टिकला नाही. दगड तोच, माणसं तीच.

पाण्याबद्दल इतक्या पोटतिडकीने बोलतोय त्याला कारण आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका घाटात माझ्या हातून एक मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, गाळली गेली. अंदाजपत्रक बसत नव्हतं, जागेवर डिसेंबरात ओढा कोरडा ठक्क, वर नुसता दगडगोट्यांचा पाट. गावातला एक म्हातारा म्हणाला होता, "साहेब, हितनं पानी येतं." मी साईडगटार थोडं रुंद केलं आणि पुढे गेलो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात साठ फूट रस्ता दरीत. डांबर उत्तम होतं, दबाई उत्तम होती, तुटलेल्या कडेला थर केकसारखे स्वच्छ दिसत होते. व्हिया आप्पियाने रोमहून दक्षिणेला जाताना वाटेत अरिच्चाची दरी लागते, तिथे रोमनांनी रस्ता दरीत उतरवण्याऐवजी दगडाचा दोनशे मीटरहून लांब भराव बांधून वर उचलला आणि पाण्यासाठी खाली कमानी सोडल्या. त्या कमानींच्या चित्रापुढे मी जरा जास्त वेळ थांबलो, एवढंच सांगतो.

आता भार. या मुद्द्यावर आपल्या रस्त्यांवर थोडा अन्याय होतो. चौथ्या शतकातल्या कायद्यांमध्ये सरकारी टपालसेवेच्या गाड्यांवर वजनाची मर्यादा घातलेली आहे. सगळ्यात जड बैलगाडीला १५०० रोमन पौंड, म्हणजे सुमारे ४९० किलो. गाडीचं स्वतःचं वजन धरून एका आसावर (ॲक्सलवर) टनभर म्हणू. आपल्याकडे डांबरी रस्ता आखताना प्रमाण आस ८.१६ टनांचा धरतात आणि प्रत्यक्षात वाळूचा डंपर किती नेतो ते नाक्यावरच्या पोरालाही माहीत असतं. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवर ट्रक फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की रस्त्याची हानी आसाच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट, हानी सोळापट. त्या हिशेबाने आपला एक प्रमाण आस रोमन गाडीच्या चार हजारांहून जास्त फेऱ्यांइतका मार देतो. हा नियम डांबरी रस्त्याचा, तो दगडाला तसाच लावणं बरोबर नाही, हे मान्य. रोमन गाडीच्या चाकाला लोखंडी धाव असे आणि ती दगड झिजवते, हेही मान्य. पण कुठल्या दोन गोष्टींची आपण तुलना करतोय याची कल्पना यावी म्हणून आकडा दिला. व्हिया आप्पियाचा मूळ दगड ठेवून त्यावरून सहा महिने आपली ऊसवाहतूक सोडली, तर दगड फुटणार नाहीत पण उलटेपालटे नक्की होतील. शिवाय चढ. रोमन आखणीत अवघड चढ बिनदिक्कत येतात. पायदळाला आणि खेचराला चालतं. एसटीच्या ड्रायव्हरला विचारा.

आणि देखभाल. हा भाग कुणालाच रंजक वाटत नाही, मला सगळ्यात रंजक वाटतो. रोममध्ये रस्त्यांवर देखरेख करणारे अधिकारी नेमलेले असत. तरुणपणी ज्युलियस सीझर व्हिया आप्पियाचा असा अधिकारी होता आणि त्याने त्यावर पदरचे भरमसाठ पैसे खर्च केले असं चरित्रकार प्लुटार्क सांगतो. लोकप्रियता मिळवायचा तो जुना मार्ग. इ.स.पू. २० मध्ये ऑगस्टसने रस्त्यांचा कारभार स्वतःच्या देखरेखीखाली घेतला. पण खरा ऐवज म्हणजे सम्राट हेड्रियनच्या काळातला, इ.स. १२३ चा शिलालेख. बेनेव्हेंतोपासून आएक्लानुमपर्यंतचा पावणेसोळा मैलांचा रस्ता 'दीर्घ काळामुळे नाहीसा झालेला' होता, तो पुन्हा केला, असं त्यात आहे. नाहीसा झालेला! हा व्हिया आप्पियाच, साम्राज्य ऐन भरात असताना. पुढे हिशेब दिलाय: रस्त्याकडेच्या जमीनमालकांनी ५,६९,१०० सेस्टर्स (रोमन नाणी) दिले आणि सम्राटाने ११,४७,००० घातले. बेरीज १७,१६,१००, म्हणजे मैलामागे सुमारे १,०९,०००. त्या काळी सैनिकाचा वर्षाचा पगार १२०० सेस्टर्स होता. एक मैल दुरुस्तीला नव्वद सैनिकांचा वर्षभराचा पगार, आणि त्यातला तिसरा हिस्सा शेजारच्या शेतकऱ्यांच्या खिशातून. रोमन रस्ते 'एकदा बांधले की झालं' असं म्हणणाऱ्यांना मी हा शिलालेख दाखवतो.

आपल्याकडे पूर्वी मैलकुली असत. चार-पाच मैलांचा तुकडा एका माणसाकडे, हातात फावडं आणि पाटी. पाऊस सुरू झाला की तो गटाराचा कचरा काढायचा, साईडपट्टीवर मुरूम टाकायचा. आता ती पदं भरत नाहीत आणि ते काम निविदेत जातं, निविदा दिवाळीनंतर निघते. तुमच्या 'एका पावसाळ्यात का उखडतो' या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेल्या अर्ध्यात जादा भार, केबलवाल्यांची खोदाई, आणि वेळेवर न झालेली मोरी. डांबरात खोट असते कधीकधी, नाही म्हणत नाही. पण लोक समजतात तितक्या वेळा नाही.

रस्ता टिकला नाही तरी आखणी टिकली, असं वर म्हटलं. आज इटलीचा राज्यमार्ग क्रमांक ७ बराचसा त्याच वाटेने जातो आणि त्याचं नाव व्हिया आप्पियाच आहे. पोंटाइन मैदानातल्या त्याच्या सरळसोट पट्ट्याला तिथले लोक 'फीत' म्हणतात. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसने केलेल्या गुलामांच्या बंडातले सहा हजार कैदी कापुआ ते रोम याच कडेने क्रुसावर चढवले गेले. संत पॉल कैदी म्हणून याच रस्त्याने रोमला आला. शहरात दफनाला बंदी असल्यामुळे वेशीबाहेर या रस्त्यालगत कबरी आणि पुढे ख्रिस्ती लोकांची भुयारी दफनस्थळं झाली. १९६० च्या ऑलिंपिकची मॅरेथॉन संध्याकाळच्या अंधारात, मशालींच्या उजेडात या दगडांवरून आली आणि अबेबे बिकिला ती अनवाणी जिंकला. त्या दगडांवर मी जाड तळाच्या बुटांनी चाललोय. संध्याकाळी घोटे बोलत होते. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोने हा रस्ता जागतिक वारसा यादीत घेतला. तो निर्णय झाला ती बैठक नवी दिल्लीत होती, हे आपल्याकडे फार थोड्यांच्या लक्षात आलं.

आता तुमच्या सहलीचं. रोमजवळचा भाग बघाच, पण सेसिलिया मेतेल्लाच्या कबरीच्या अलीकडे वेळ घालवू नका. तिच्यापासून पुढे दोन तास चालत जा. दगडांच्या मधोमध चालायच्या मोहात पडू नका, कडेच्या मातीच्या पट्टीवरून चाला, सगळे रोमकर तेच करतात. एक दिवस जास्त असेल तर फोंदी आणि इत्री या गावांमधला घाट गाठा. तिथे रस्त्याचा जुना तुकडा डोंगराच्या कुशीत जपलेला आहे आणि खाली बहुकोनी दगडांच्या संरक्षक भिंती आहेत, चुन्याशिवाय रचलेल्या. अठराव्या शतकात नेपल्सच्या राजांनी त्याची डागडुजी केली, ती रोमन कामापासून वेगळी ओळखता येते का ते बघा. मला अर्ध्याच ठिकाणी जमलं.

आणि तेराचिना. आधी रस्ता तिथे ज्युपिटरच्या देवळामागून डोंगर चढून पलीकडे उतरायचा. ट्रेजनच्या काळात समुद्राच्या बाजूने कडाच उभा कापला आणि रस्ता सपाटीवरून नेला. कातळ कापत खाली येताना दर दहा फुटांवर त्यांनी आकडा कोरून ठेवलाय, वरून खाली: दहा, वीस, तीस, असा एकशेवीसपर्यंत. एकशेवीस रोमन फूट म्हणजे जवळजवळ ३६ मीटर. प्रत्येक आकडा चौकटीत, सुबक. मी ते बघून मोठ्याने हसलो, कारण ती एमबी आहे. आमची मोजमाप वही. ठेकेदाराने किती खोल कापलं याचा वाद होऊ नये म्हणून ती त्यांनी कातळावरच लिहून टाकली, खाडाखोड करायची सोय नाही. माझा तर्कच आहे हा, पण बत्तीस वर्षं बिलं तपासलेल्या माणसाचा. सगळ्यात वरचे आकडे दुर्बिणीशिवाय नीट दिसत नाहीत, तेव्हा ती बरोबर न्या. आणि ते बघताना मान वर करून मागे-मागे सरकू नका. खालून आजही गाड्या जातात, आणि जोरात जातात.